चादरीच्या दशा कुठं गेल्या? फोटोतलं सिलेक्शन मुळापासून

"ताई, चादरीच्या दशा कुठं गेल्या ओ?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकांनी विचारलेला हा प्रश्न. मी त्यांच्या चादरींचे फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर कापून दिले होते. घाई होती, म्हणून एका ऑनलाइन बॅकग्राउंड काढणाऱ्या सेवेवर सगळे फोटो चढवले, एका क्लिकमध्ये त्यांच्या पीएनजी, म्हणजे पारदर्शक जागा जपणाऱ्या, फाइल झाल्या आणि मी ते तसेच पाठवले. मोबाइलवर छान दिसत होते. मालकांनी मात्र पहिला फोटो मोठा करून चादरीचं टोक पाहिलं. दोन्ही टोकांना सुटलेले दोरे, म्हणजे दशा, जागेवर नव्हत्या. कडा सरळ रेषेत छाटली गेली होती. "दशा नसल्या की गिऱ्हाइकाला वाटतं, ताग्यातनं कापलेलं कापड आहे. सोलापुरी चादर वाटत नाही," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी सगळे फोटो पुन्हा केले, या वेळी हातानं.

त्या दिवसापासून सिलेक्शन हा विषय मी गांभीर्यानं घेतला. फोटो कापणं, कपडा वेगळा करणं, बॅकग्राउंड बदलणं, फक्त एका भागाचा रंग सुधारणं, फ्लेक्सवर माणूस बसवणं या सगळ्याच्या मुळाशी सिलेक्शनच असतं. ते कच्चं असेल तर पुढची मेहनत वाया जाते.

इथे मी उदाहरणं जिंप या सॉफ्टवेअरमधली देते, कारण ते फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं आणि शिकणाऱ्याला त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. फोटोशॉपमध्ये जिथे बटणं वेगळी आहेत तिथे तसं सांगते. विचार दोन्हीकडे एकच आहे.

सिलेक्शन म्हणजे रेघ नव्हे

सिलेक्शन केलं की वस्तूभोवती तुटक रेघ चालायला लागते, मुंग्यांची रांग चालावी तशी. ती पाहून वाटतं की रेघेच्या आतलं निवडलं गेलं आणि बाहेरचं राहिलं. शिकणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते.

कॉम्प्युटर सिलेक्शन ठेवतो ते एका काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपात. फोटोत जितके पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके, तितकेच त्या चित्रातही. पांढरा पिक्सेल म्हणजे पूर्ण निवडलेला, काळा म्हणजे अजिबात न निवडलेला, आणि मधल्या करड्या छटा म्हणजे थोडा थोडा निवडलेला. ० ते २५५ अशा पायऱ्या मोजल्या, तर १२८ च्या आसपासचा पिक्सेल अर्धा निवडलेला असतो. मुंग्यांची रांग दिसते ती या अर्ध्या टप्प्यावर. त्याच्या अलीकडे-पलीकडे किती मऊ उतार आहे, हे रांग सांगत नाही. एखादी जागा अर्ध्याहून कमी निवडलेली असेल तर तिथे रांग दिसतही नाही, पण तुम्ही रंग भरला की तो तिथेही फिकट उमटतो.

खात्री करायची असेल तर कुठलंही सिलेक्शन करून जिंपमध्ये शिफ्ट + क्यू दाबा. फोटोशॉपमध्ये नुसतं क्यू. याला क्विक मास्क म्हणतात. न निवडलेला भाग लालसर पडद्याखाली जातो आणि निवडलेला भाग उघडा राहतो. कडेला पडदा एकदम संपतो की हळूहळू विरतो, ते डोळ्यांना दिसतं. याच अवस्थेत ब्रश घेऊन पांढऱ्या रंगानं रंगवलं की सिलेक्शन वाढतं, काळ्यानं रंगवलं की कमी होतं. पुन्हा शिफ्ट + क्यू दाबलं की मुंग्या परत येतात. हे एकदा हाताला समजलं की बाकीची सगळी टूल्स म्हणजे ते करडं चित्र तयार करायच्या वेगवेगळ्या वाटा आहेत, एवढंच उरतं.

अर्धं काम फोटो काढतानाच

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी त्रासदायक फोटो बहुतेक वेळा दोन कारणांनी त्रासदायक असतात.

पहिलं कारण बॅकग्राउंड. लाल चादर हिरव्या लॉनवर पसरून उन्हात काढलेला फोटो दिसायला प्रसन्न असतो, पण हिरव्याचा रंग चादरीच्या कडेवर चढतो आणि कापल्यावर तिथे मळकट झाक राहते. सोलापूरच्या उन्हात तर सावल्या इतक्या गडद पडतात की काळ्या किनारीची चादर कुठे संपली आणि सावली कुठे सुरू झाली, हे माणसालाही कळत नाही, तर टूलला काय कळणार. सकाळी लवकर गच्चीवर, भिंतीच्या सावलीत, साध्या करड्या किंवा चादरीच्या रंगाहून अगदी वेगळ्या कापडावर फोटो काढा. पांढऱ्या टॉवेलसाठी पांढरं बॅकग्राउंड नको, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

दुसरं कारण व्हॉट्सॲप. फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो आणि दाबला जातो. जेपीईजी ही फोटो साठवायची नेहमीची पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती कमी करते. जास्त दाबलेल्या फोटोत वस्तूच्या कडेभोवती डागांसारखे पिक्सेल दिसतात, ते त्यामुळेच. रंगावरून निवडणारी टूल्स याच डागांत अडकतात. म्हणून फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फाइल उघडली की लगेच दोन गोष्टी करा. मूळ लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, एक डुप्लिकेट करून ठेवा आणि मूळ लेअरला हात लावू नका. डुप्लिकेटवर लेअर मेनूतल्या ट्रान्स्परन्सीमध्ये जाऊन ॲड अल्फा चॅनल करा. अल्फा चॅनल म्हणजे कुठला पिक्सेल किती पारदर्शक आहे याची नोंद. जेपीईजी फोटोला पारदर्शकता नसते. अल्फा चॅनल नसेल तर भाग काढल्यावर तिथे पारदर्शक जाळी न दिसता बॅकग्राउंडचा रंग भरला जातो आणि नवीन माणूस गोंधळतो.

टूल निवडताना वस्तू नको, कडा बघा

"टॉवेलसाठी कोणतं टूल?" असं मला विचारतात. घडी घातलेल्या टॉवेलची एक कडा सरळ असते, दुमड गोलाकार असते आणि टेरीच्या बाजूला दोऱ्याचे बारीक फासे वर आलेले असतात. एकाच वस्तूला तीन प्रकारच्या कडा. मग एकच टूल सगळीकडे कसं पुरेल? फोटो १०० किंवा २०० टक्के झूम करून कडेवरून एकदा नजर फिरवा आणि ठरवा: इथे सरळ आहे, इथे वळण आहे, इथे मऊ आहे, इथे दोरे सुटलेत. त्याप्रमाणे तुकड्या-तुकड्यानं सिलेक्शन जोडत जायचं.

जोडण्याची बटणं पाठ हवीत. जिंपमध्ये शिफ्ट धरून सुरुवात केली की आधीच्या सिलेक्शनमध्ये भर पडते, कंट्रोल धरून केली की वजा होतं, दोन्ही धरून केलं की दोघांत सामाईक असेल तेवढंच उरतं. फोटोशॉपमध्ये भर घालायला शिफ्टच, पण वजा करायला ऑल्ट. दोन्ही सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो.

चौकोनी सिलेक्शनमध्ये आणखी एक खोच आहे. माउस दाबण्याआधी शिफ्ट धरलं तर त्याचा अर्थ 'भर घाल'. माउस दाबून ओढायला लागल्यावर धरलं तर त्याचा अर्थ 'लांबी-रुंदीचं प्रमाण बांधून ठेव'. तेच कंट्रोलचं: आधी धरलं तर वजा, ओढताना धरलं तर मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना वाढ. एकच बटण कधी असं तर कधी तसं वागतं, असं वाटलं तर कारण हे.

बाकी चौकोनी आणि लंबगोल टूलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पासपोर्ट फोटोसाठी चौकोनी टूलच्या ऑप्शन्समध्ये प्रमाण ३५:४५ बांधून घ्या. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरले तर, ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो साधारण ४१३ × ५३१ पिक्सेल होतो. झालं.

सरळ कडांसाठी फ्री सिलेक्ट, ज्याला सगळे लॅसो म्हणतात, ते पुरतं. जिंपमध्ये एफ दाबा. ओढत नेलं तर हातानं काढल्यासारखी रेघ येते, आणि नुसते बिंदू क्लिक करत गेलं तर सरळ रेघा जोडल्या जातात. दोन्ही एकाच वेळी मिसळता येतं. गादीवर अंथरलेल्या चादरीच्या कडा दुरून सरळ वाटतात, पण कापड कुठे ना कुठे झोल घेतं. म्हणून चार कोपऱ्यांवर चार क्लिक करून मोकळं होऊ नका. जिथे कडा हलते तिथे बिंदू द्या.

पाथ: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात खात्रीचं

दुकानदार कटिंगचं काम देतात तेव्हा अनुभवी माणूस बहुतेक वेळा पाथच, म्हणजे बिंदू देत हातानं आखलेली रेघच, वापरतो. जिंपमध्ये बी, फोटोशॉपमध्ये पी म्हणजे पेन टूल. रंग सारखे असोत, उजेड कमी असो, कडा धूसर असो, पाथला फरक पडत नाही, कारण कडा कुठे आहे हे तुमचा डोळा ठरवतो.

क्लिक केलं की बिंदू येतो. क्लिक करून ओढलं की बिंदूतून दोन्ही बाजूंना दांड्या निघतात. दांडी जितकी लांब, तितकं वळण त्या दिशेला जास्त खेचलं जातं. या वळणांना बेझिए वक्र म्हणतात. १९६०च्या दशकात रेनो या फ्रेंच मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीचे आकार काढण्यासाठी ही पद्धत वापरात आणली. मोटारीच्या पत्र्याचं वळण जितक्या थोड्या बिंदूंत बसतं, तितक्याच थोड्या बिंदूंत टॉवेलची दुमडही बसते.

नवीन माणूस खूप बिंदू देतो आणि कडा खडबडीत होते. वळण जिथे सुरू होतं तिथे एक, जिथे संपतं तिथे एक, मधे गरज पडली तरच तिसरा. घडी केलेल्या सहा टॉवेलच्या गठ्ठ्याला प्रत्येक दुमडीवर दोन-तीन बिंदू पुरतात. शेवटी कंट्रोल धरून पहिल्या बिंदूवर क्लिक केलं की पाथ बंद होतो आणि एंटर दाबलं की त्याचं सिलेक्शन होतं. पाथ वस्तूच्या कडेच्या अगदी वर न ठेवता एक-दीड पिक्सेल आत ठेवा. कडेवरच्या पिक्सेलमध्ये बॅकग्राउंडचा रंग मिसळलेला असतो, तो बाहेरच राहतो.

पाथचा दुसरा फायदा म्हणजे तो फाइलमध्ये राहतो. सिलेक्शन चुकून सुटलं तरी पाथ्सच्या पॅनेलमधून पुन्हा मिळतं. पहिले काही दिवस एका टॉवेलला वीस मिनिटं लागतात. लागू द्या. हात बसला की पाच मिनिटांत होतं.

रंगावरून निवडताना: बारबंदी आणि निळं आभाळ

फझी सिलेक्ट, म्हणजे जादूची कांडी, जिंपमध्ये यू. एका जागी क्लिक केलं की त्याला लागून असलेले तशाच रंगाचे पिक्सेल निवडले जातात. सिलेक्ट बाय कलर हे टूल लागून असण्याची अट घालत नाही. फोटोत जिथे जिथे तो रंग आहे तिथून उचलतं. 'तसाच' म्हणजे किती तसाच, हे थ्रेशोल्ड ठरवतो. जिंपमध्ये सुरुवातीला तो १५ असतो, फोटोशॉपमध्ये हीच गोष्ट टॉलरन्स नावानं ३२ वर असते. जिंपमध्ये आकडा टाइप करत बसायची गरज नाही. क्लिक करून माउस न सोडता खाली किंवा उजवीकडे ओढा, सिलेक्शन डोळ्यांसमोर वाढतं. हवं तिथे सोडा.

या टूलचा खरा उपयोग मला कळला तो सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या फोटोंवर. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वज म्हणजे मानाच्या सात उंच काठ्या, आणि त्या पेलणारे भक्त पांढऱ्याशुभ्र बारबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात. मंडळाच्या फ्लेक्ससाठी काठी धरलेला माणूस वेगळा काढून हवा असतो. मागे हिवाळ्यातलं फिकट निळं आभाळ, पुढे पांढरा कपडा. पांढऱ्यावर क्लिक केलं तर आभाळाचा खालचा फिकट भागही सोबत येतो. थ्रेशोल्ड कमी केला तर कपड्याच्या चुण्या सुटतात.

इथे दोन गोष्टी करा. पहिली, माणूस निवडायच्या मागे लागू नका, आभाळ निवडा आणि नंतर कंट्रोल + आय दाबून सिलेक्शन उलटं करा. आभाळ एकसारखं असतं, माणूस नसतो. दुसरी, टूल ऑप्शन्समध्ये 'सिलेक्ट बाय' असा पर्याय आहे, तिथे कंपोझिटऐवजी रेड निवडा. पांढऱ्या रंगात लाल, हिरवा, निळा तिन्ही भरपूर असतात. निळ्या आभाळात निळा भरपूर, पण लाल कमी. म्हणजे नुसत्या लाल चॅनलमध्ये, फक्त लाल रंगाच्या प्रमाणात, पाहिलं तर आभाळ गडद आणि बारबंदी उजळ दिसते. डोळ्यांना जवळजवळ सारखे वाटणारे दोन रंग तिथे लांब लांब जातात. सिलेक्ट बाय कलर वापरलं की काठी आणि हात यांच्यामधल्या फटीतलं आभाळही एकाच क्लिकमध्ये येतं.

सावलीतल्या चुण्या निळसर असतात, त्यामुळे त्यातल्या एखाददुसऱ्या आभाळाबरोबर निवडल्या जातील. शिफ्ट + क्यू दाबून क्विक मास्कमध्ये जा आणि ब्रशनं तेवढंच दुरुस्त करा. माणसाच्या कपड्याच्या आत पडलेली भोकं असतील तर सिलेक्ट मेनूतलं रिमूव्ह होल्स वापरता येतं, पण हातामधली खरी फटही ते बुजवतं, म्हणून मी ब्रशच पसंत करते.

फोरग्राउंड सिलेक्ट नावाचं टूलही जिंपमध्ये आहे. आधी वस्तूभोवती ढोबळ वेढा घालायचा, एंटर दाबायचं, मग वस्तूच्या आतल्या वेगवेगळ्या रंगांवरून ब्रश फिरवायचा; सॉफ्टवेअर कडेचा अंदाज बांधतं. केसांसाठी बरं, गर्दीच्या फोटोत निरुपयोगी. फोटोशॉपचं सिलेक्ट सब्जेक्ट आणि ऑनलाइन मिळणाऱ्या आपोआप सेवा सुरुवातीला वेळ वाचवतात. त्यांचं उत्तर कच्चं सिलेक्शन समजून घ्या आणि कडा स्वतः तपासा.

डिलीट नको, मास्क करा

सिलेक्शन झालं की बहुतेक जण ते उलटं करतात आणि डिलीट दाबतात. मग दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो की कोपरा कापला गेलाय, आणि तो कोपरा कुठेच उरलेला नसतो.

त्याऐवजी लेअरवर राइट क्लिक करून ॲड लेअर मास्क निवडा आणि खिडकीत 'सिलेक्शन' हा पर्याय घ्या. तुमचं करडं चित्र आता मास्क म्हणून लेअरला चिकटलं. पांढरं तिथे फोटो दिसतो, काळं तिथे लपतो. काहीही पुसलं गेलेलं नाही. कापलेला कोपरा परत हवा असेल तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवा. मास्कच्या छोट्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक केलं की नुसता मास्क पडद्यावर येतो. त्यात राहून गेलेले करडे डाग लगेच दिसतात. मी प्रत्येक फोटोत हे करते. मात्र काम करताना लेअर निवडलाय की मास्क, हे बघत जा, नाहीतर काळा ब्रश थेट चादरीवर फिरतो.

फेदरबद्दल इथेच सांगते. सिलेक्ट मेनूतलं फेदर कडेला मऊ उतार देतं. किती द्यायचा ते फोटोच्या आकारावर अवलंबून आहे. ६००० पिक्सेल रुंद फोटोला २ पिक्सेल फेदर जेमतेम जाणवतो, तोच १००० पिक्सेलच्या फोटोला धूसर करून टाकतो. माझा ढोबळ हिशेब असा: मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो असेल तर १ ते २, वेबसाठी लहान केलेला असेल तर अर्धा किंवा काहीच नाही. एकच फेदर सगळ्या कडेला देणं मला पटत नाही. टॉवेलची शिवलेली किनार कडक हवी आणि टेरीचा भाग मऊ हवा. म्हणून आधी सगळीकडे कडक ठेवा, मग मास्कवर लहान मऊ ब्रश घेऊन फक्त टेरीच्या कडेवरून फिरवा.

आता दशा

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सुटे दोरे पाथनं कापता येत नाहीत. प्रत्येक दोरा एक-दोन पिक्सेल जाड आणि शेकडो दोरे. इथे फोटोच्याच उजेड-अंधारातून मास्क तयार करायचा.

१. चादरीचं टोक काळ्या, चमक नसलेल्या कापडावर पसरून फोटो काढा. ही पद्धत फिकट दोऱ्यांसाठी आहे. दोरे हातानं विंचरून मोकळे करा, एकमेकांत अडकलेले नकोत.

२. जिंपमध्ये उघडून डुप्लिकेट लेअर आणि अल्फा चॅनल करून घ्या. चादरीच्या मुख्य कापडाभोवती, दशा सोडून, पाथ काढा. त्याचं सिलेक्शन करून सिलेक्ट मेनूतून सेव्ह टू चॅनल करा. मग कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून सिलेक्शन सोडा.

३. लेअरला मास्क द्या, पण या वेळी 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर' हा पर्याय घ्या. फोटोचीच काळी-पांढरी नक्कल मास्क झाली. उजळ दोरे दिसतील, काळं कापड जवळजवळ लपेल.

४. मास्क निवडलेला असतानाच कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडा. डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवा, मागचं कापड पूर्ण काळं होईपर्यंत. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे आणा, दोरे पांढरे होईपर्यंत. फार ओढलंत तर दोरे दातेरी होतात. दोऱ्यांच्या टोकांना थोडा करडा राहू द्या, तोच त्यांचा बारीकपणा आहे.

५. चादरीच्या अंगावरचे गडद रंग या मास्कमध्ये काळे आले असतील, म्हणजे मोर आणि वेलबुट्टी अर्धीमुर्धी पारदर्शक झाली असेल. चॅनल्सच्या पॅनेलमध्ये जाऊन मघाशी ठेवलेल्या चॅनलवर राइट क्लिक करा, चॅनल टू सिलेक्शन करा. परत लेअरवर येऊन मास्क निवडा आणि सिलेक्शनमध्ये पांढरा रंग भरा. अंग पूर्ण परतलं.

६. सिलेक्शन सोडा आणि लांबवर राहिलेले धुळीचे ठिपके काळ्या ब्रशनं पुसून टाका.

गडद दोऱ्यांच्या चादरीला सगळं उलटं: पांढरं कापड खाली, आणि मास्क तयार झाल्यावर त्याच्यावर कलर्स मेनूतलं इन्व्हर्ट.

पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठेवल्यावर दोऱ्यांभोवती बारीक काळी झाक दिसेल, कारण दोऱ्याच्या कडेला खालच्या कापडाचा काळा मिसळलेला आहे. आता मास्क सोडून लेअर निवडा. कलर पिकरनं दोऱ्याच्या मधला रंग उचला, ब्रशचा मोड 'लाइटन ओन्ली' करा आणि दशांवरून सैल हातानं फिरवा. ब्रश फक्त गडद पिक्सेल उजळवतो, आकार मास्कनं धरून ठेवलेला असतो. झाक निघून जाते. मला हे जमायला बरेच फोटो वाया घालवावे लागले, आणि जमलं तेव्हा खरंच आनंद झाला.

कडेची पांढरी रेघ आणि फ्लेक्सचा हिशेब

मॉनिटरवर न दिसणारी चूक चौकात टांगल्यावर दिसते. समजा माणसाचा फोटो १२०० पिक्सेल उंच आहे आणि फ्लेक्सवर तो सहा फूट करायचाय. सहा फूट म्हणजे साधारण १८२९ मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल दीड मिलिमीटरचा झाला. कडेला ३ पिक्सेलची फिकट रेघ राहिली असेल तर ती साडेचार मिलिमीटर जाड पट्टा होऊन डोक्याभोवती दिसते. आपल्याकडच्या कितीतरी बॅनरवर ती पाहिली असेल.

उपाय दोन. मास्कवर राइट क्लिक करून मास्क टू सिलेक्शन करा, सिलेक्ट मेनूतून १ किंवा २ पिक्सेल श्रिंक करा, उलटं करा आणि मास्कवर काळा भरा. कडा तेवढी आत सरकते. केसांना मात्र हे लावू नका, ते खुडल्यासारखे दिसतात. तिथे वर सांगितलेली रंग फिरवण्याची पद्धत चांगली. आणि तपासताना खाली तीन साधे लेअर ठेवा: पांढरा, काळा, गडद लाल. एकेक चालू-बंद करून बघा. पांढऱ्यावर लपलेली चूक काळ्यावर ओरडून सांगते.

कापलेली वस्तू नुसत्या पांढऱ्यावर ठेवली तर ती हवेत तरंगते. मास्क टू सिलेक्शन करा, खाली नवीन लेअर घ्या, त्यात काळा भरा, सिलेक्शन सोडा, गॉसियन ब्लर, म्हणजे धूसर करणारा फिल्टर, भरपूर द्या, लेअर थोडा खाली सरकवा आणि अपारदर्शकता २५-३० टक्क्यांवर आणा. टॉवेल टेबलावर टेकला.

काम अडतं तेव्हा

ब्रश चालतच नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. बहुतेक वेळा कुठेतरी एक चिमुकलं सिलेक्शन शिल्लक असतं आणि त्याच्याबाहेर सॉफ्टवेअर काही करू देत नाही. कंट्रोल + शिफ्ट + ए, फोटोशॉपमध्ये कंट्रोल + डी. मुंग्या दिसत नसतील तर व्ह्यू मेनूत शो सिलेक्शन बंद झालेलं असू शकतं.

सिलेक्शनचा आकार सरकवायला गेलात आणि आतला फोटोच उचलला गेला, असं झालं तर मूव्ह टूलच्या ऑप्शन्समध्ये लेअरऐवजी सिलेक्शन निवडा. जिंपच्या जुन्या आवृत्तीत पेस्ट केल्यावर फ्लोटिंग सिलेक्शन नावाची अर्धवट अवस्था येते. नवीन लेअरचं बटण दाबलं की ती लेअर होते, कंट्रोल + एच दाबलं की खालच्या लेअरमध्ये मिसळते.

फाइल दोनदा जतन करा. एक एक्ससीएफ, ज्यात लेअर, मास्क, पाथ आणि चॅनल जसेच्या तसे राहतात. दुसरी गिऱ्हाइकासाठी, कंट्रोल + शिफ्ट + ई दाबून एक्सपोर्ट केलेली. पारदर्शक हवी तर पीएनजी. ऑनलाइन विक्रीसाठी पांढरं बॅकग्राउंड मागितलं असेल तर खाली २५५, २५५, २५५ चा पांढरा लेअर ठेवून जेपीईजी. पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

त्या कारखान्याच्या मालकांना मी आता फोटोंबरोबर प्रत्येक चादरीच्या टोकाचा एक जवळून घेतलेला तुकडाही पाठवते. ते आधी तोच उघडतात.